पदरात बांधलेले हात

या, अशा जवळ सरकून बसा. बुवा अजून चहा घेताहेत, पेटीवाल्यांचा सूर जुळतोय, तेवढ्यात माझं सांगून होईल. यात राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. सातासमुद्रापलीकडचा एक म्हातारा आहे, त्याची कबुतरं आहेत आणि आपल्या गिरीज गावच्या धोंडूबाई आहेत. या मंडपात बसून मी जन्मभर जे कानांनी ऐकलं, ते एकदाच डोळ्यांनी बघायला मिळालं. ते कुठे आणि कसं, हे सांगते.

धोंडूबाई माझ्या मोठ्या जाऊ. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. माझे मोठे दीर शत्रुघ्नभाऊ अर्धांगाने अंथरुणाला खिळले, तेव्हापासून ते जाईपर्यंत बाईंनी त्यांना लेकरासारखं सांभाळलं. घास भरवला, सदरा चढवला, बटणं लावली, भांग पाडला. गावात कुणाची सून उलटून बोलली की सासू म्हणायची, "जा, धोंडूबाईच्या पाया पडून ये." एकदा तर इथेच, बाहेरगावच्या एका बुवांनी सेवेचं निरूपण करता करता मध्येच झांज थांबवली आणि म्हणाले, "पुराणात कशाला शोधता मंडळी? तुमच्याच वाडीत बघा की!" सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, पण घरी जाताना त्यांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं. का लागावं? आमचंही लागत नव्हतं.

भाऊ गेले आणि बाईंचे हात रिकामे झाले. वाडीत माणसं होती, घरात सुना होत्या. बाई ओटीवर बसून आपल्या हातांकडे बघत राहायच्या.

माझा सुमेध तेव्हा इंग्लंडला कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता. दोन हजार तीन सालची गोष्ट. त्याने आम्हा दोघींना बोलावून घेतलं. आमच्या ह्यांना वालीवच्या कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघी जावाच निघालो. समुद्रकाठचं छोटं गाव. समुद्र आपल्यासारखाच, फक्त थंडीने काळानिळा पडलेला. सुमेधच्या घरात धुळीचा कण नाही, भांडी धुवायला मशीन, कपडे वाळवायलाही मशीन. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याच्यापुढे हात पसरले.

"सुमेध, या हातांना कायतरी दे रे. बसून बसून मी काठीवरच्या बोंबलासारखी वाळून जाईन."

"मोठीआई, तुला इथे आराम करायला आणलंय."

"आराम वर गेल्यावर हायच की. तिथं कोन काम देनार हाय?"

त्या देशात पगार न घेता सेवा करायची मोठी रीत आहे, हे सुमेधला ठाऊक होतं. पाहुण्यांच्या व्हिसावर काय चालतं, काय नाही, ते त्याने आधी विचारून घेतलं आणि मग एक एक ठिकाण बघू लागला. पहिल्यांदा त्याने एका कंपनीचं माहितीपत्रक आणलं. ती कंपनी लोकांना दूरदेशी नेते. तिथल्या गरीब गावातली शाळा रंगवायची, पोरांशी खेळायचं, फोटो काढायचे, परत यायचं. जाणाऱ्यानेच पैसे भरायचे. फोटोत गोरी पोरं ब्रश घेऊन भिंत रंगवत होती आणि मागे गावातली माणसं उभी होती. बाईंनी फोटो नाकाशी धरून बघितला.

"हे मागं उभे हायत ते कोन?"

"त्याच गावचे लोक."

"मग त्यांना रंग लावता येत नाय?"

"येत असेल."

"म्हंजे त्यांच्या गावात रंगारी असेल. तो आज कुठं गेला? घरीच बसला ना? नको रे बाबा. मी गेल्याने कुनाचं तरी अडलेलं काम झालं पायजे. मी नसले तरी जे होनार, त्याला मी कशाला पायजे?"

सुमेध हसायला लागला आणि मग हसता हसता थांबला, कारण त्याच्या ऑफिसातली दोघंजणं तिकडेच निघाली होती.

मग तो आम्हाला जवळच्या शहरातल्या देवळात घेऊन गेला. तिथे महाप्रसादाच्या स्वयंपाकाला बायका येत. पण एकेका पोळपाटाला तीन तीन बायका लटकलेल्या! बाईंनी लाटण्याला हात लावला तशी एकीने ते गोड हसून काढून घेतलं. "हितं सेवा थोडी नि सेवेकरी लय," बाई माझ्या कानात म्हणाल्या. आम्ही हात धुऊन बाहेर बाकावर बसलो. तिथे हंसाबेन भेटल्या.

हंसाबेन लग्नाआधी बोरिवलीच्या, त्यामुळे मराठी बोलायच्या, गुजरातीची फोडणी घालून. सुमेधच्या गावाजवळच्या एका घरी त्या स्वयंसेवकांचं बघायच्या. इस्पितळातून सुटलेले, अर्धांगातून उठलेले म्हातारे त्या घरी काही दिवस राहायचे. हिंडता-फिरता आलं की आपल्या घरी जायचं, नाही आलं तर कायमचं वृद्धाश्रमात. बाईंचे डोळे चमकले. अर्धांग म्हणजे त्यांच्या घरचंच काम!

पण हंसाबेन लगेच हो म्हणाल्या नाहीत. "बघा बेन, मी मीठं मीठं बोलणार नाही. लोक येतात, चार वेळा येतात, पछी गायब. म्हातारा दरवाज्याकडे बघत बसतो. असं होणार असेल तर येऊच नका. ठरलेल्या दिवशी यायचं, आणि परत इंडियाला कधी जाणार ते पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकायचं. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "हे मानूस मला आवडलं," हे मात्र हंसाबेन उठून गेल्यावर.

त्या घरात आम्हाला भेटले वॉल्टर. उंच, हाडांचा सापळा, पांढऱ्या भुवया डोळ्यांवर आलेल्या. उजवा हात नि उजवा पाय आजारात गेलेला, जीभही जड. बायको देवाघरी, मूल नाही. त्यांच्या स्वतःच्या घराच्या मागे शर्यतीच्या कबुतरांची खुराडी होती, ती सध्या शेजारी सांभाळत होता. त्यांच्या उशाशी एका करड्या कबुतराचा फोटो. हंसाबेननी सांगितलं, "एक दिवस त्यांना स्वयंपाकघरात नेऊन परीक्षा होणार. स्वतःच्या हाताने चहा करून टेबलापर्यंत आणायचा. जमलं तर घर. नाही जमलं तर घर बंद, कबुतरं दुसऱ्याला." वॉल्टरना ते ठाऊक होतं. त्या घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आम्ही गेलो तेव्हा ते लोकरीच्या जाकिटाचं बटण लावत होते. डाव्या हाताने बटण धरायचं, उजव्याने काज, उजवा ऐकेना. बटण निसटायचं. बाई पुढे झाल्या आणि सराईत बोटांनी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावून टाकली. कॉलर नीट केली. गालावरून हातही फिरवला. म्हातारा आधी दचकला, मग खुदकन हसला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती, पण अडलं काय? त्या दिवसापासून बाई गेल्या की ते जाकीट पुढे करायचे. बाई चमच्याने सूप पाजायच्या, बुटाच्या नाड्या बांधायच्या, पाय चेपायच्या. मी बाजूला बसून बघायची आणि मनात म्हणायची, देवा, गिरीजची सेवा इथेही रुजली.

मग एका दुपारी हंसाबेननी आम्हाला बाहेर बोलावलं. त्यांच्याबरोबर व्यायाम शिकवणारी लाल केसांची एक मुलगी होती. ती भराभर काहीतरी बोलली. ओरडत नव्हती, पण डोळ्यांत पाणी होतं.

"ही म्हणते," हंसाबेन म्हणाल्या, "वॉल्टर आता प्रयत्नच करत नाही. जे थोडं येत होतं तेही सुटलं. विचारलं तर म्हणतो, माझी इंडियन बाई येईल ना."

"मग येते ना मी," बाई म्हणाल्या.

"बेन, तुम्ही जाणार इंडियाला. पछी?" हंसाबेननी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "ह्या हातात फार प्रेम आहे. पण तुमचा हात लागला, एटले त्याचा हात सुटला. एक एक बटण तुम्ही लावता ना, तो एक एक पाऊल घरापासून लांब जातो."

बाईंनी आपले हात हळूच सोडवून घेतले. मी मात्र रागावले. म्हटलं, ही काय माणसं? तहानलेल्याला पाणी पाजलं तर पाप? आम्ही समुद्राच्या बाजूने चालत निघालो. मी वाटभर बडबडत होते. वाटेतल्या बाकावर बाई बसल्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "ह्यांचा डावा हात हलायचा गो."

मला कळायला वेळ लागला की त्या शत्रुघ्नभाऊंविषयी बोलताहेत.

"पयल्या पयल्यांदा. ताट ठेवलं की तो हात भाकरीकडं जायचा. हळूहळू, खेकड्यासारखा. सांडायचं ना सगळं अंथरुनात. मी तो हात उचलून बाजूला ठेवायची. म्हनायची, राहू द्या, मी हाय ना. मग काय दिवसांनी तो हात यायचाच बंद झाला."

मी त्यांचा खांदा धरला. ज्या सेवेला बुवांनी भर मंडपात नमस्कार केला, तिच्याविषयी त्या स्वतः हे बोलत होत्या. कुणी डॉक्टरने, कुणी शेजाऱ्याने कधी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांनी जे केलं ते जीव ओतूनच केलं होतं. तरी तो हात भाकरीकडे जायचा, हेही खरं होतं. समुद्राचं पाणी मागे सरत होतं आणि ओल्या वाळूवर पक्षी काहीतरी टिपत होते. बाई रडल्या नाहीत. मीच रडले.

घरी सुमेध म्हणाला, "मोठीआई, जाऊ दे. आपण दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं नको. हेच करायचं. ठरल्या दिवशी जानार म्हनून शबुद दिलाय." मग थोड्या वेळाने, "हंसाबेनला विचार, हात लावायचा नाय तर मग करायचं काय?"

हंसाबेनचं उत्तर आलं: बसायचं. बघायचं. घाई करायची नाही, तोंड पाडायचं नाही. पडायला लागला तर नर्सला हाक मारायची. बाकी काही नाही.

बायांनो, तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? करून बघा. वॉल्टरनी जाकीट पुढे केलं आणि बाईंनी मान हलवली. नाही. त्यांना वाटलं गंमत आहे. पुन्हा पुढे केलं. पुन्हा नाही. मग ते चिडले. त्यांच्या भाषेत काय बोलले कळलं नाही, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. बाईंचे हात आपोआप उठत होते. त्यांनी काय केलं माहीत आहे? लुगड्याचा पदर पुढे घेतला, दोन्ही हातांभोवती गुंडाळला, दातांनी ओढून गाठ मारली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

वॉल्टर त्या गाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या खेपेलाही फिरवलं. बाई ठरल्या वेळी जायच्या, पदर बांधायच्या, बसायच्या. मी टाळाच्या साथीला पुष्कळ वर्षं उभी राहिलेय. बुवांचा श्वास अडतो, ओळ तोंडाशी येऊन थांबते, तेव्हा मागच्याने ती ओढून घ्यायची नसते. ठेका धरून वाट बघायची असते. ते मला ठाऊक होतं. पण एक माणूस दुसऱ्यासाठी असा ठेका धरून बसतो आणि तोही नुसत्या श्वासाचा, हे तिथे बघितलं. बाईंच्या कपाळावर घाम यायचा. त्या थंडीत!

मग एका दिवशी भिंतीकडे तोंड करूनच वॉल्टर जाकिटाशी झटू लागले. आम्हाला पाठ दिसत होती. खांदा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. बाहेरच्या गाड्यावर चहा आला, गेला. शेवटी ते वळले. मधलं एक बटण लागलं होतं, तेही चुकीच्या काजात. जाकीट वाकडंतिकडं चढलेलं. त्यांनी बाईंकडे असं बघितलं, की मी आजवर देवासमोर इतक्या मनापासून कधी हात जोडले का, याची मला शंका आली. बाईंनी बांधलेलेच हात कपाळाला लावले.

त्यानंतर ते बाईंच्या येण्याची वाट पुन्हा बघू लागले, पण आता जाकीट अंगात घालून.

परीक्षेचा दिवस आमच्या परत निघण्याच्या थोडा आधीच आला. वॉल्टरनी हट्ट धरला की इंडियन बाई स्वयंपाकघरात हवी. लाल केसांची मुलगी एका कोपऱ्यात उभी, हंसाबेन दारात, मी त्यांच्या मागे. बाई खुर्चीवर, हात पदरात.

वॉल्टर काठी टेकत ओट्याशी आले. काठी ओट्याच्या कडेला अडकवली. किटलीत पाणी भरलं, अर्धं हातावर सांडलं. बटण दाबलं. चहाच्या पुड्यांचा डबा घेतला, त्याचं झाकण घट्ट. मी मनात म्हटलं, संपलं. त्यांनी डबा पोट आणि ओटा यांच्यात दाबून धरला आणि डाव्या हाताने झाकण फिरवू लागले. फिरेना. चेहरा लाल झाला. त्या मुलीने स्वतःचा ओठ दाताखाली धरला होता. बाई खुर्चीवरून पुढे झुकल्या, इतक्या की आता पडतील, आणि पदराच्या आत त्यांची बोटं झाकण फिरवत होती. मी बघितलं ना! कापडाखाली बोटं फिरत होती.

टक् करून झाकण निघालं.

चमचा खाली पडला. त्यांनी खाली बघितलं, वाकलं तर तोल जाईल हे ओळखलं आणि दुसरा चमचा घेतला. तेव्हा त्या मुलीने पहिल्यांदा श्वास सोडला. उकळतं पाणी कपात ओतताना किटली थरथरत होती. आणि मग, इतके दिवस शर्टाच्या बाहीत मेल्यासारखा पडलेला त्यांचा उजवा हात हळूहळू वर आला आणि कपाच्या बुडाशी टेकला. कप धरायला नाही, नुसता, सरकू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. त्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मला गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं. देव सगळीकडे आहे असं आपण म्हणतो, बायांनो. पण त्या म्हाताऱ्याच्या बोटांत तो जागा होताना मी पाहिला, आणि माझ्या अंगावरचा काटा त्या दिवशी बराच वेळ गेला नाही.

चहा झाला. मुलगी पुढे येऊन म्हणाली, छान, आता टेबलापर्यंत आणा. वॉल्टरनी मान हलवली आणि दुसरा कप काढला.

"ती म्हणते एकच पुरे," हंसाबेन कुजबुजल्या.

त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसरा कप भरला. दोन्ही कप चाकाच्या छोट्या गाड्यावर ठेवले आणि पाय ओढत, गाडा ढकलत आले. त्यांनी एक कप स्वतःसमोर ठेवला. दुसरा बाईंपुढे सरकवला आणि पदराच्या गाठीकडे बोट दाखवलं. सोडा.

बाईंना गाठ सुटेना. दातांनी सोडवावी लागली. साखर नाही, आलं नाही, पिवळट पाणी नुसतं. बाईंनी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. बशीत सांडलेलंही प्यायलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा होता?"

"चहा काय बरा नव्हता गो," त्या म्हणाल्या आणि मग त्या रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या गळ्यात पडून इतक्या दिवसांचं रडल्या.

वॉल्टर घरी गेले. सकाळी मदतीला कुणीतरी येईल, बाकी त्यांचं ते बघतील, असं ठरलं. निघण्याआधी आम्ही त्यांना भेटून आलो. जाकिटाची सगळी बटणं लागलेली, एक सोडून. खुराड्याचं दार त्यांनी स्वतः उघडलं. त्याला किती वेळ लागला, विचारू नका. कुणाला घाई नव्हती. कबुतरं फडफडत वर गेली, छपरांवरून गोल फिरली, समुद्राच्या बाजूला दिसेनाशी झाली. बाई घाबरल्या. "आता ती कशी येनार?" वॉल्टरनी नुसतं आकाशाकडे बोट केलं. आम्ही वर बघत उभ्या राहिलो, आणि ती आली.

गिरीजला परत आल्यावर बाई संध्याकाळी दिवा लावताना आपल्या माणसांची नावं घ्यायच्या. भाऊंचं, लेकरांचं, आणि शेवटी 'वाल्टरबाबा'. मी एकदा म्हटलं, "बाई, तो साहेब त्यांच्या चर्चमध्येसुद्धा जात नव्हता हो."

"मग तर घेतलंच पायजे. त्याचं नाव दुसरं कोन घेनार?"

गेल्या पौषात बाई गेल्या. तेव्हापासून ते नाव मी घेते. ते गृहस्थ आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. हंसाबेनचा फोन लागत नाही. आणि माझीही आठवण आताशा दगा देते, कालच दिव्यात तेल घालायचं राहिलं. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. उद्या दिवा लावाल तेव्हा घरच्यांची नावं झाली की एक नाव जास्त घ्या. वॉल्टर. उच्चार चुकला तरी चालेल, बाईंचाही चुकायचाच.